व्हिडिओतल्या डॉक्टरांचे ऐकून आईने गोळी बंद केली. किती विश्वास ठेवायचा?

रामबागवाली | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इंदूरकरांच्या या विभागात आरोग्याचे धागे फारसे निघत नाहीत. पण हा प्रश्न आमच्या एकट्या घरचा नसावा असे वाटते, म्हणून लिहिते आहे.

आई सत्तरी ओलांडलेली. दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला. तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी आणि बीपीची गोळी चालू आहे. परवा तिचा औषधांचा डबा आवरताना दिसले की कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची पाने जशीच्या तशी पडली आहेत. विचारले तर म्हणाली, "अगं, ते डॉक्टर सांगतात ना, या गोळीने स्नायू झिजतात, विसरायला होतं. कोलेस्टेरॉल हा मुळात आजारच नाही."

"ते डॉक्टर" म्हणजे मोबाईलवरचे. रोज दुपारी जेवण झाले की आई त्यांना ऐकते. मी त्यांची पदवी शोधून पाहिली, खरी आहे, एमबीबीएस आहेत. त्यामुळे भोंदू म्हणून उडवून लावता येत नाही. तिच्या स्वतःच्या डॉक्टरांकडे आम्ही तीन महिन्यांनी जातो, बाहेर दीड-दोन तास बसतो आणि आत चार वाक्ये होतात, तीही हिंदीत. आईचा जन्म इंदूरचा, हिंदी ती माझ्याहून चांगली बोलते, पण कुठे कसे दुखते हे सांगताना तिला मराठीच सुचते. हा व्हिडिओतला माणूस तिच्याशी वीस-वीस मिनिटे मराठीत बोलतो, न चिडता, न घाई करता. तिला तो आपला वाटतो आणि यात तिचे काही चुकते असे मला म्हणवत नाही.

तुमच्या घरी काय चालते? सांगणारा खरा पदवीधर असेल तर त्याचे कुठपर्यंत ऐकायचे?

जुनीइंदूर | रविवार, रात्री १०.०५

ताई, बाकी चर्चा होत राहील, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे ना? ती आधी मोजून बघा.

रामबागवाली | रविवार, रात्री १०.१२

हो, मोजली. ती आणि बीपीची रोज घेते आहे.

निवृत्त_फिजिशियन | सोमवार, सकाळी ७.५०

जुनीइंदूर यांनी योग्य तेच आधी विचारले. स्टेंट असलेल्या माणसाने ऍस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी गोळी स्वतःहून कधीच थांबवू नये. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर तो सरळ हार्ट अटॅक असतो.

मी एमजीएम मेडिकल कॉलेजात शिकलो, एमवाय या सरकारी इस्पितळात काम केले, आता घरी असतो. त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

त्या व्हिडिओतले सगळे खोटे नाही, आणि अडचण तिथेच आहे. कोलेस्टेरॉलसाठी देतात त्या स्टॅटिन गटातल्या गोळ्यांनी काही जणांचे स्नायू खरोखर दुखतात. क्वचित गंभीर इजाही होते. त्यासाठी सीपीके नावाची रक्ततपासणी आहे. डोस कमी करता येतो, त्याच गटातली दुसरी गोळी देता येते, इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची वेगळी गोळी जोडता येते. म्हणजे त्रास झाला तर करण्यासारखे पुष्कळ आहे. दुसरे असे की २०२० साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा सॅमसन नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेली ६० माणसे घेतली. त्यांना काही महिने स्टॅटिन, काही महिने हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून दिले. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला त्यातला ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांतही झाला. दुखणे खोटे नव्हते. पण बहुतेक वेळा ते गोळीतल्या औषधाने नव्हते, "ही गोळी वाईट असते" या धास्तीने होते. ही धास्ती व्हिडिओ ऐकून वाढते.

आता मुख्य मुद्दा. ज्याला हृदयाचा काही त्रास झालेला नाही, नुसते कोलेस्टेरॉल थोडे वाढलेले आहे, त्याने स्टॅटिन घ्यावे का यावर डॉक्टरांमध्ये प्रामाणिक मतभेद होतात. वय, शुगर, बीपी, तंबाखू, घराण्यातला इतिहास, हे सगळे बघून ठरवावे लागते. ज्याला स्टेंट बसला आहे त्याच्याबाबत असा वाद उरलेला नाही. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा अतिजोखमीच्या रुग्णांचे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ च्या खाली ठेवायला सांगितले आहे. व्हिडिओ करणारा बहुधा पहिल्या माणसाबद्दल बोलत असतो आणि ऐकणारी तुमची आई दुसऱ्या प्रकारात बसते. तो एमबीबीएस असो की एमडी, समोर कोण ऐकते आहे हे त्याला कळायला मार्गच नाही.

म्हणून माझे मत सरळ आहे. आजार समजून घ्यायला व्हिडिओ जरूर ऐका. गोळी सुरू करणे, बंद करणे, डोस बदलणे, या तीन गोष्टी ज्याने तुम्हाला तपासले आहे आणि ज्याच्याकडे तुमचे रिपोर्ट आहेत त्याच्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावरून करू नका. माझ्याही नाही. आईंना या आठवड्यातच घेऊन जा, तीन महिन्यांची वाट पाहू नका.

तिलकनगर_ओटला | सोमवार, सकाळी ८.३०

+१. जपून ठेवावा असा प्रतिसाद.

दवाबाजार | सोमवार, दुपारी १.१५

आमचे घाऊक औषधांचे दुकान, नावावरून कळेलच कुठे. पुतण्याचे किरकोळ मेडिकल सुदामानगरच्या बाजूला आहे, संध्याकाळी तिथेही बसतो. तिथे काय दिसते ते सांगतो.

पूर्वी लोक पर्ची घेऊन यायचे, नाहीतर "डोकं दुखतंय, काहीतरी द्या" म्हणायचे. आता मोबाईल पुढे करतात. व्हिडिओ थांबवलेला असतो, पडद्यावर गोळीचे नाव. "भिया, ये वाली दे दो." विचारले की कोणी लिहून दिली, तर सांगतात, डॉक्टरनेच सांगितली. त्यांच्या दृष्टीने ते खरेच असते, सांगणारा डॉक्टरच होता.

सर्वात जास्त मागणी ड जीवनसत्त्वाच्या ६० हजार युनिटच्या पाकिटांची. डॉक्टर लिहितात तेव्हा आठवड्यातून एक, साधारण आठ आठवडे, मग पुन्हा विचारायचे, असे लिहितात. व्हिडिओत "भारतात जवळपास सगळ्यांनाच कमी असते, घ्या" एवढेच ऐकून लोक रोज घेतात. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीवाटे निघून जात नाही. रक्तातले कॅल्शियम वाढते. आमच्या ओळखीच्या एका काकूंना उलट्या, बद्धकोष्ठ, बोलण्यात गोंधळ सुरू झाला. घरच्यांना वाटले अर्धांगवायू. भरती केल्यावर कॅल्शियम खूप वाढलेले आणि किडनीवर ताण आलेला निघाला. घरात रिकामी पाकिटे सापडली तेव्हा उलगडा झाला. त्या वाचल्या, पण बरेच दिवस सलाईनवर होत्या.

दुसरे म्हणजे झोपेच्या आणि वेदनेच्या गोळ्या. अल्प्राझोलाम, ट्रामाडोल शेड्यूल एच१ मध्ये येतात. पर्चीशिवाय देता येत नाहीत, वेगळ्या वहीत नोंद करावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. नाही म्हटले की गिऱ्हाईक रागावते आणि पुढच्या दुकानात जाते. सगळीच दुकाने नाही म्हणत नाहीत, हेही मला माहीत आहे. निवृत्त_फिजिशियन यांनी व्हिडिओ आणि रुग्ण यांच्यातल्या दरीबद्दल लिहिले. त्या दरीत आम्ही औषधवाले उभे असतो. आम्ही पर्ची मागितली तर निम्मे नुकसान तिथेच थांबेल. आमच्या व्यवसायातल्या लोकांनी हे मनावर घ्यायला हवे, असे मी आमच्या बैठकांतही बोलतो.

छावणीकर | सोमवार, रात्री ९.००

सगळे एकाच बाजूने बोलत आहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. राग मानू नये.

माझ्या पोटाची सोनोग्राफी वेगळ्याच कारणाने झाली आणि त्यात पित्ताशयात खडे दिसले. दुखणे नाही, ताप नाही, कावीळ नाही. शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात सांगितले की ताबडतोब ऑपरेशन करा, नाहीतर फुटेल. ऍडव्हान्स भरायचा कागदही पुढे आला. घरी येऊन एका सर्जनचा व्हिडिओ पाहिला. शांतपणे सांगत होते की खडे आहेत पण त्रास कधीच झालेला नाही अशा बहुतेक लोकांना लगेच ऑपरेशन लागत नाही, लक्ष ठेवावे लागते. अमुक अमुक परिस्थितीत मात्र करावे लागते. मी ती "अमुक अमुक" यादी कागदावर उतरवली आणि दुसऱ्या सर्जनकडे गेलो. एकेक मुद्दा विचारला. त्यांनी तपासले, रिपोर्ट पाहिले आणि सांगितले की तुमच्यात यातले काही नाही, थांबू. उजव्या कुशीत दुखले, ताप आला, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी या, असे बजावले.

तो व्हिडिओ नसता तर मला विचारायचे काय हेच कळले नसते. समोर बसलेला डॉक्टर आपला आणि पडद्यावरचा परका, असे सरसकट मी मानणार नाही. समोर बसलेल्याला त्या ऑपरेशनचे पैसे मिळणार होते. व्हिडिओवाल्या सर्जनला माझ्या पित्ताशयातून काही मिळणार नव्हते.

आणखी एक. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाड्याकडे, खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लेकरे गेली. किडन्या बंद पडल्या. ते औषध कोणी व्हिडिओ पाहून आणले नव्हते. दवाखान्यात, डॉक्टरांनी लिहून दिलेले होते.

निवृत्त_फिजिशियन | सोमवार, रात्री १०.१०

छावणीकर, राग कसला. तुम्ही जे केलेत तेच मी सांगतो आहे. तुम्ही व्हिडिओ ऐकून ऑपरेशन रद्द करून घरी बसला नाहीत. प्रश्न घेऊन दुसऱ्या सर्जनकडे गेलात, त्यांनी पोटाला हात लावला, सोनोग्राफी पाहिली आणि मग निर्णय झाला. सेकंड ओपिनियन हा रुग्णाचा हक्क आहे, त्यात समोरच्या डॉक्टरचा अपमान नाही. पैशाबद्दल तुम्ही लिहिले ते आमच्या व्यवसायाला लागलेले खरे दुखणे आहे, मी त्याचे समर्थन करणार नाही. फक्त व्हिडिओवाल्याला काही मिळत नाही हे तपासून बघा. जाहिरातीचे पैसे, स्वतःच्या नावाची पावडर, ऑनलाईन कोर्स, डाएट प्लॅन. व्हिडिओच्या खाली विकत घ्यायची लिंक असेल तर त्याचाही हितसंबंध आला.

छिंदवाड्याबद्दल काय बोलू? त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होते, ४८ टक्क्यांहून जास्त. हे विषारी औद्योगिक रसायन औषधात असायलाच नको. दोष कारखान्याचा, तपासणी न करणाऱ्या यंत्रणेचा. पण एवढ्या लहान मुलांना असली सिरपे लिहिण्याची सवय आमचीच. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयाने पुन्हा सांगितले की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली साधारणपणे टाळावीत. त्या काळात हीच गोष्ट अनेक बालरोगतज्ज्ञांनी व्हिडिओतून घरोघरी पोचवली, हेही नोंदवतो.

वैशालीनगर_आई | मंगळवार, सकाळी ११.२०

बालरोगतज्ज्ञांचा विषय निघालाच आहे तर हे लिहायलाच हवे.

माझा मुलगा सव्वा वर्षाचा असताना त्याला जुलाब लागले. यजमान मेडिकलमधून "ओआरएस" लिहिलेला टेट्रापॅक घेऊन आले, फळांचे चित्र असलेला. तेव्हा मला आठवले की हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष यांचे व्हिडिओ मी पाहिले होते. त्या वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगत होत्या: नावात ओआरएस असलेली ही गोड पेये खरे ओआरएस नाहीत, त्यांत साखर फार जास्त असते आणि जुलाबात साखर जास्त गेली की जुलाब वाढतात. त्यांनी न्यायालयातही धाव घेतली. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, आदेश काढला की खऱ्या सूत्राशिवाय कोणत्याही पेयाच्या नावात ओआरएस हा शब्द वापरता येणार नाही.

आम्ही तो पॅक परत करून जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र छापलेली पुडी आणली, पुडीवर लिहिले होते तेवढ्याच पाण्यात मिसळली आणि चमच्याचमच्याने पाजली. त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडेही नेले.

एका डॉक्टरने कॅमेऱ्यासमोर बसून जे केले ते त्यांच्या दवाखान्यातल्या खुर्चीतून झाले नसते. त्यामुळे "व्हिडिओवाले डॉक्टर" असे म्हणून सगळ्यांना एका रांगेत बसवू नये, ही कळकळीची विनंती. त्यांनी कधी "तुमच्या बाळाला हे औषध द्या" असे सांगितले नाही. काय घ्यायचे नाही आणि पुडीवर काय वाचायचे ते सांगितले.

रामबागवाली | मंगळवार, दुपारी ४.००

हा फरक मला फार मोलाचा वाटला. आई ऐकते ते व्हिडिओ मी काल रात्री बसून पाहिले. त्यात "डॉक्टरांना विचारा" हे वाक्य शेवटी येते, पण त्याआधी पंधरा मिनिटे "डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत" हेच चाललेले असते. मग आई डॉक्टरांना विचारणार तरी कशी?

वैद्य_नारायणबाग | मंगळवार, रात्री ८.१५

मी आयुर्वेदाची पदवी घेऊन चिकित्सा करतो. आमच्या शास्त्राच्या नावाने जे व्हिडिओ फिरतात त्यांबद्दल मीच बोलले पाहिजे.

कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घराघरात रोज प्यायला जाऊ लागला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पती नेमकी कोणती होती हे तपासले नाही असे म्हटले. तो वाद मी इथे सोडवत नाही. पण आयुर्वेदात कोणतेही द्रव्य रोगी पाहून, प्रकृती, अग्नी, बल, वय, ऋतू पाहून, मात्रा आणि काळ ठरवून द्यायचे असते. "सर्वांनी रोज एवढा काढा घ्या" हे वाक्यच आयुर्वेदाच्या विरोधात जाते. यकृताचा किंवा सांधेवाताचा जुना आजार असलेल्या माणसाने रोगप्रतिकारशक्ती चाळवणारे काही महिनोन्‌महिने घेणे मला मान्य नाही. माझ्याकडे येणारे बरेच जण काढा आधीच सुरू करून येतात आणि ते सांगतही नाहीत, कारण तो त्यांना औषध वाटत नाही. वैद्याला आणि ऍलोपॅथीच्या डॉक्टरला, दोघांनाही सगळे सांगा.

वकील_राजवाडा | बुधवार, सकाळी ९.४५

कायद्याच्या बाजूने थोडक्यात, कारण "यांच्यावर काही बंधन नाही का?" हा प्रश्न मनात येणारच.

नॅशनल मेडिकल कमिशन (एनएमसी) या डॉक्टरांच्या नियामक संस्थेने २ ऑगस्ट २०२३ ला डॉक्टरांच्या आचरणाचे नवे नियम काढले. त्यांत समाजमाध्यमांसाठी वेगळे प्रकरण होते: जाहीरपणे उपचार किंवा औषध सुचवू नये, पैसे देऊन लाईक्स-फॉलोअर्स मिळवू नयेत, रुग्णांचे फोटो टाकू नयेत वगैरे. पण जेनेरिक औषधांच्या सक्तीवरून डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि २३ ऑगस्टला ते सगळेच नियम स्थगित झाले. तेव्हापासून पुन्हा २००२ चे नियम आधाराला आले. त्यांत रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करायला मनाई आहे, पण ते लिहिले गेले तेव्हा असले व्हिडिओ नव्हतेच.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२३ मध्येच आरोग्यविषयक इन्फ्लुएन्सरांसाठी सूचना काढल्या. पदवीधर डॉक्टरने माहिती देताना आपण नोंदणीकृत आहोत हे स्पष्ट सांगायचे. आणि १९५४ चा औषधे व जादुई उपाय कायदा आहेच. मधुमेह, कॅन्सर, रक्तदाब अशा परिशिष्टात दिलेल्या आजारांवर "हमखास बरे करतो" अशी औषधाची जाहिरात हा गुन्हा आहे. "शुगर मुळापासून संपवा" म्हणणारा व्हिडिओ दिसला आणि खाली औषध विकायला असेल, तर हा कायदा आठवा.

याउलट डॉक्टर फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर तुम्हाला तपासतो त्यासाठी २५ मार्च २०२० चे टेलिमेडिसिनचे नियम आहेत. डॉक्टर आणि रुग्ण दोघांची ओळख पटलेली हवी, पर्चीवर नोंदणी क्रमांक हवा, नोंद ठेवायला हवी आणि जबाबदारी डॉक्टरची. सगळ्यांसाठी टाकलेल्या व्हिडिओत यातले काहीच नसते. त्याचे ऐकून काही झाले तर कोणाला विचारणार?

तिलकनगर_ओटला | बुधवार, दुपारी १२.३०

यात आता खोट्या चेहऱ्यांची भर. प्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञ डॉ. देवी शेट्टी यांचे नाव आणि चेहरा वापरून फिरवलेल्या व्हिडिओंविरुद्ध २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. एआयने आवाज आणि ओठांची हालचाल हुबेहूब बनवता येते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर असाच एक व्हिडिओ आला, सांधेदुखीच्या तेलाचा. मोठे नाव, हिंदीत भाषण. मोठा डॉक्टर एखाद्या ब्रँडचे तेल किंवा थेंब स्वतः विकत असेल तर आधी तो व्हिडिओच खोटा समजावा.

नाव तपासायचे असेल तर एनएमसीच्या संकेतस्थळावर इंडियन मेडिकल रजिस्टरमध्ये नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून शोधता येते. राज्यांच्या कौन्सिलांकडेही यादी असते, आपल्याकडे मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिल भोपाळला. पदवी कोणत्या विषयाची आहे तेही बघा. त्वचारोगतज्ज्ञ हृदयावर बोलत असेल तर दोनदा विचार करावा.

खंडवारोड | बुधवार, रात्री ९.२५

डाएटचे काय? आमच्याकडे सगळा गोंधळ तिथे आहे. २०१८ च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची भाषणे आली: दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडे खा म्हणत होत्या. आमच्या घरात दोन तट पडले. मामा दोन वेळा जेवणारे, मावशी दर दोन तासांनी खाणारी. दोघेही अजून ठणठणीत आहेत. मग खरे कोणाचे?

निवृत्त_फिजिशियन | बुधवार, रात्री १०.३०

निरोगी मामा-मावशींसाठी दोन्ही चालू शकते. वजन उतरायचे तर एकूण किती खाल्ले याला महत्त्व असते. प्रश्न आजारी माणसाचा आहे.

दीक्षित यांच्या मोहिमेत आधी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि उपाशीपोटीचे इन्सुलिन तपासायला सांगतात, आणि ते बरोबर आहे. पण लोक भाषणातले दोन जेवणांचे तेवढे उचलतात, तपासणी मागे राहते. ज्याला ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्याने डोस कमी न करता दुपारचे खाणे सोडले तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, भूक, मग बरळणे, मग बेशुद्धी. म्हाताऱ्या माणसात हे रात्री झोपेत झाले तर कोणाला कळतही नाही. मेटफॉर्मिन एकटेच चालू असेल तर हा धोका बराच कमी. म्हणजे तीच सूचना एका मधुमेह्याला चालते आणि दुसऱ्याला घातक ठरते, फरक फक्त पर्चीवरच्या एका ओळीचा.

शिवाय पुण्या-मुंबईचा व्हिडिओवाला ज्वारीची भाकरी गृहीत धरतो. आपल्याकडे सकाळ पोहे, वर शेव, जिरावन आणि बाजूला जलेबीने होते, रविवारी दाल-बाफले. बीपीच्या रुग्णाला मी जेवणातल्या मिठाआधी शेवेबद्दल विचारायचो.

अवांतर, पण जीव वाचवणारे: "हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा" हा जुना सल्ला अजून फिरतो. त्याने काही साधत नाही, वेळ जातो. छातीत दाब, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ असेल तर १०८ ला फोन करा.

रामबागवाली | शुक्रवार, रात्री ८.५०

काल आईला घेऊन गेले. इथले वाचून मी आधी तिच्याशी बसले आणि तिला व्हिडिओतले काय काय पटले ते तिच्याच शब्दांत मराठीत लिहून घेतले. तीन प्रश्न झाले: पाय दुखतात ते या गोळीने का, विसरायला होते ते या गोळीने का, आणि गोळी आयुष्यभर घ्यायची का. आत गेल्यावर डॉक्टरांना सरळ सांगितले की आईने गोळी थांबवली आहे आणि ती का थांबवली ते तिला सांगायचे आहे. ते रागावतील अशी भीती होती. त्यांनी मान वर करून आईकडे पाहिले, खुर्ची पुढे घेतली. आई मराठीत बोलली, मी हिंदीत सांगितले.

एलडीएल १२८ आले, गोळी बंद असल्याचा परिणाम. सीपीके ठीक आहे. त्यांनी त्याच गटातली दुसरी गोळी दिली, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचे. पायांसाठी ड जीवनसत्त्व आणि थायरॉईडही तपासायला दिले आहे. दवाबाजार काकांचे वाचून मी आधीच विचारून घेतले की कमी निघाले तर किती आणि किती दिवस.

आई गोळी घेते आहे. पूर्ण पटलेय असे नाही, "सहा आठवडे बघू" म्हणते. व्हिडिओ अजूनही ऐकते. मी बंद कर म्हटले नाही.

छावणीकर | शुक्रवार, रात्री ९.३०

ताई, लिहून नेण्याचे फार चांगले केलेत. आईंना नमस्कार सांगा.

धन्वंतरीनगर | शनिवार, सकाळी १०.०५

धागा आत्ताच वाचला. डॉक्टर, वडिलांबद्दल विचारायचे आहे. बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू. परवाच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.९ आणि पोटॅशियम ५.६ आले आहे. एका व्हिडिओत किडनी साफ राहण्यासाठी रोज नारळपाणी प्यायला सांगितले होते, ते महिनाभर देतो आहोत. टेल्मिसार्टन अर्धी करू का?

निवृत्त_फिजिशियन | शनिवार, सकाळी १०.२०

नारळपाणी आजपासून बंद. त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि किडनी कमी काम करत असेल तर ते रक्तात साठते. टेल्मिसार्टननेही पोटॅशियम वाढते, पण ती अर्धी करायची, थांबवायची की बदलायची हे मी इथून सांगणार नाही. मला त्यांचे बीपी, ईसीजी, आधीचे क्रिएटिनिन, शुगर यातले काहीच माहीत नाही.

वाट पाहू नका. आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करून दोन्ही आकडे सांगा. पोटॅशियम पुन्हा तपासतील, कारण कधी कधी नमुना घेताना रक्तपेशी फुटूनही आकडा खोटा वाढतो, ईसीजीही काढतील. अशक्तपणा, छातीत धडधड, चक्कर यांपैकी काही असेल तर फोनही नको, थेट इमर्जन्सीत न्या. जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घाला, दुखण्यावरच्या गोळ्या अधूनमधून घेत असतील तर त्याही. आणि घरात कमी सोडियमचे मीठ वापरता का? त्यात पोटॅशियम क्लोराईड असते.

धन्वंतरीनगर | शनिवार, सकाळी १०.३२

हो, तेच वापरतो. बीपीसाठी म्हणून आणले होते. पाकीटही पिशवीत टाकतो. डॉक्टरांनी साडेअकराला बोलावले आहे.